रस्त्याचा आवाज नव्हता तो

ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता. ढोकीकडून धाराशिवला परत येताना आमच्या पुढं उसानं लादलेला ट्रॅक्टर चालला होता, मागं डुलणाऱ्या ट्रॉल्या. त्याला ओलांडायला जागा मिळेना म्हणून मी ब्रेक दाबला आणि गाडीच्या पुढच्या अंगातून ‘ठक्’ असा आवाज आला. जड, बोदा आवाज. शेजारच्या खोलीत कुणी वरवंटा खाली ठेवावा तसा. मला वाटलं, डावं दार नीट लागलेलं नाही.

“दार न्हाय,” शेजारी बसलेली आई म्हणाली. “माझ्या पायाखाली वाजलं.”

मी पुढं जाऊन मुद्दाम पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा ठक्.

मी आरोग्यसेविका आहे. घर धाराशिवात आणि उपकेंद्र आडरस्त्याच्या एका गावात. गाडी मी घेतली तेव्हाच ती बरीच जुनी होती. एका डॉक्टरांनी नवी घेतली आणि ही मला दिली. आमच्या वस्तीत कुणाच्या दारात उभी राहिलेली ती पहिली चारचाकी. ती घ्यायचं कारण आई. वडील गेल्यावर ती आमच्याकडं राहायला आली, आणि मग तिच्या मणक्याचं ऑपरेशन सोलापुरात झालं. तपासणीसाठी तिथं सारखं जावं लागायचं. एसटीचे हादरे खात तुळजापूर येईतोवर तिचा चेहरा पांढरा पडायचा. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर मी गाडी चालवायला शिकले. शिकवणारा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “बायका ब्रेक लई लवकर दाबतात.” मी म्हटलं, “म्हणून तर त्या गाडीखाली कुणाला घेत नाहीत.” त्यानंतर तो फारसा बोलला नाही, पण शिकवलं चांगलं.

ठक् आवाज सुरू झाला त्याच सुमारास दुसरीही तक्रार उभी राहिली. सोलापूरला जाताना तुळजापूर मागं पडलं की रस्ता सरळ आणि गुळगुळीत होतो. तामलवाडीच्या अलीकडं मी वेग ऐंशीच्या आसपास नेला आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. थंडी वाजून ताप आलेल्या माणसाचा हात धरावा तसं. वेग कमी केला की थांबायचं. आईनं एक हात डोक्यावरच्या कडीला आणि दुसरा कमरेवर ठेवला होता.

“दुखतंय का?”

“दुखत न्हाय. पर टाके उसवत्यात का काय असं वाटतंय.”

टाके कधीच सुकले होते, हे तिलाही माहीत होतं. पण मी उरलेला रस्ता साठनं काढला. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. वाजवू दिले.

आमचे हे कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहेत. गाडी चालवत नाहीत. एकदा शिकायला गेले, दूध डेअरीच्या भिंतीला लावली आणि शांतपणे उतरून घरी चालत आले. तेव्हापासून जुन्या यंत्राबद्दल त्यांचं एक मत ठरलेलं आहे, की ते त्रास द्यायला लागायच्या आत दुसऱ्याला द्यावं. मी आवाजाचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

“विकून टाकू. चालती आहे तोवर कुणीतरी घेईल.”

“दुखणं काय आहे ते कळल्याशिवाय?”

“कळून काय करायचंय? जुनी आहे.”

मी गाडी घेऊन धाराशिवातल्या गॅरेजला गेले. तिथला मिस्त्री आमच्या ओळखीचा. त्याच्या दोन्ही लेकींना लशी मीच टोचलेल्या. त्यानं गाडी बाजारापर्यंत फिरवून आणली. मी शेजारी बसले होते. त्यानं ब्रेक मारला, ठक् झालं, आणि मी त्याच्याकडं पाहिलं.

“हा,” मी म्हटलं.

“ह्यो व्हय? ह्यो रस्त्याचा आवाज हाय, सिस्टर. आपले रस्ते तुमाला ठावं हायत की.”

“रस्ता सपाट आहे इथं.”

“गाडी जुनी झाल्यावर असं थोडं वाजतंच. नवी व्हती तवा काचा लावून बसत असताल, म्हणून ऐकू आलं नसंल.”

नवी होती तेव्हा ती माझी नव्हती, हे मी सांगितलं नाही. शॉकअप गेले असतील, असं म्हणून त्यानं दोन्ही बाजूंचे शॉकअप बदलले. गाडी खड्ड्यातून जरा मऊ जायला लागली. ठक् तसाच राहिला.

मग सोलापूरला आईची तपासणी होती तेव्हा तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपात गाडी दिली. थंडगार खोली, काचेपलीकडं गाड्या वर उचललेल्या, आमच्या हातात कागदी कपात चहा. त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली. चाकं हवेत लोंबकळत होती. गणवेशातल्या माणसानं चाक वरून-खालून धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं, टॉर्च मारला, आणि बाहेर येऊन म्हणाला की सगळं टाइट आहे. चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली. परतताना तामलवाडीजवळ स्टेअरिंग पुन्हा थरथरलं. मी तिथूनच गाडी वळवली आणि त्यांच्या दारात नेऊन उभी केली.

काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. समजावणीच्या सुरात म्हणाला, “मॅडम, असं आहे की गाडीचं वय झालंय.”

हे वाक्य मला ऐकवायला नको होतं त्यानं.

आईच्या पाठीचं दुखणं सुरू झालं तेव्हा ती अजून रानात जात होती. ज्याच्या त्याच्या दवाखान्यात तिला हेच ऐकायला मिळालं. वय झालंय, काम कमी करा, शेक घ्या. गोळ्या बदलत गेल्या, वाक्य तेच राहिलं. शेवटी एका पायातली संवेदना कमी झाली, चप्पल निसटून पडली तरी तिला कळेना. तेव्हा मी सुट्टी टाकली, तिला घेऊन सोलापूरला गेले आणि डॉक्टरांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, मणक्याचा एमआरआय काढल्याशिवाय मी हिला परत नेणार नाही. डॉक्टर चिडले. मी नोकरीच्या साडीत होते, म्हणून त्यांना वाटलं मी ऐकून घेईन. मी घेतलं नाही. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकून नस दाबलेली निघाली. म्हणजे दुखणं वयाला नव्हतं, एका जागेला होतं, आणि ती जागा बोट ठेवून दाखवता येत होती.

तेव्हा त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, “वय झालेलं मला दिसतंय. पण आवाज वयातून येत नाही. कुठल्यातरी जागेतून येतो. ती जागा सांगा.”

त्याला सांगता आली नाही. मी किल्ली घेतली आणि निघाले.

घरी आल्यावर ह्यांनी धाकट्या दिराला फोन लावून गिऱ्हाईक बघायला सांगितलं. माझ्यासमोरच सांगितलं, चोरून नाही. त्यांना खरंच काळजी वाटत होती. मी म्हटलं, “बघा तुम्ही गिऱ्हाईक. तोवर मी जागा शोधते.”

“तू मिस्त्री आहेस का?”

“नाही. पण रोग्याला चार प्रश्न विचारायचे असतात, एवढं मला येतं.”

आमच्याकडं बाई पोट दुखतंय म्हणून आली की आधी विचारायचं, कधी दुखतं, कशानं वाढतं, कशानं थांबतं. गाडीच्या बाबतीत हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळे हलवून बघत होते. मीही तोवर एकच तक्रार सांगत होते, की पुढून आवाज येतो आणि थरथरतं. रविवारी सकाळी चहा पिताना माझ्या लक्षात आलं, की या दोन गोष्टी कधी एकत्र येतच नाहीत. थरथर वेगात येते, ठक् हळू चालताना. थरथरीला ब्रेक लागत नाही, ठकला लागतो. एकाच माणसाला खरूज आणि मोतीबिंदू दोन्ही असू शकतात. खरजेच्या मलमानं दिसायला लागत नाही.

आधी थरथर घेतली, कारण आईला तिचाच त्रास होता. आम्ही तिघं सोलापूरच्या रस्त्याला लागलो. हे मागं बसले होते, हाताची घडी घालून. रस्ता मोकळा बघून मी वेग वाढवला. स्टेअरिंग कापायला लागलं तसा मी गिअर काढला आणि गाडी नुसती वाहू दिली. इंजिनाचा आवाज खाली गेला. थरथर तशीच.

“म्हणजे इंजिन नाही,” मी म्हटलं.

मागं ह्यांनी हाताची घडी सोडली.

मग त्याच वेगात हलका ब्रेक दाबला. ब्रेकची डिस्क वाकडी असली तर ब्रेक लावल्यावर थरथर वाढते, हे मी मोबाइलवर ऐकलं होतं. वाढली नाही.

“म्हणजे ब्रेकही नाही.”

“मग काय आहे?” ह्यांनी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

“जे फिरतंय ते. चाक.”

“चाकाचं तर त्यांनी आत्ताच करून दिलंय.”

“म्हणून तर बघायचं.”

तामलवाडीला रस्त्याकडेला एक पंक्चरवाला होता. त्याला म्हटलं, पुढचं डावं चाक मागं लाव आणि मागचं पुढं. पंक्चर कुठं आहे म्हणून तो सगळ्या चाकांकडं बघत राहिला.

“पंक्चर नाही. नुसती अदलाबदल कर.”

“कशापायी?”

“आजार चाकात असला तर तो चाकाबरोबर मागं जाईल. नसला तर पुढंच राहील.”

त्यानं ह्यांच्याकडं पाहिलं. बायकोला आवरा, असं त्या बघण्यात होतं. ह्यांनी मान खाली घातली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, “करा की ती म्हणते तसं.”

आईला मी मागं बसवलं, डाव्या बाजूला, आणि ह्यांना पुढं. पुन्हा वेग घेतला. ऐंशी आले. स्टेअरिंग माझ्या हातात गप्प होतं. मी एक हात सोडून बघितला, तरी गप्प.

“गेलं,” हे म्हणाले.

“कुठलं गेलं,” मागून आई म्हणाली. “आता माझ्या बुडाखाली आलंय.”

मी तिथंच कडेला गाडी घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसले. हेही हसले. आईला कळेना की तिच्या हालावर आम्ही एवढं का हसतोय, मग मी तिची माफी मागून सांगितलं.

पंक्चरवाल्याकडं परत गेलो. त्यानं ते चाक उतरवलं, आडवं पाडलं, मग उभं धरून हळूहळू फिरवलं. बाहेरून टायर चांगलं होतं. आतल्या अंगाला, जे बसवल्यावर कुणाला दिसत नाही, तिथं एका ठिकाणी तळव्याएवढा फुगवटा होता. त्यानं त्यावरून हात फिरवला आणि आमच्याकडं न बघता म्हणाला, “ह्ये फुटलं असतं, बाई. ऐंशीवर फुटलं असतं.”

ह्यांनी तो फुगवटा बोटानं दाबून पाहिला. आम्ही स्टेपनी लावून आलो, दुसऱ्या दिवशी नवं टायर टाकलं.

थरथर थांबली, पण ठक् राहिला. खरं तर आता थरथर नव्हती म्हणून तो जास्तच ऐकू यायला लागला. मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला, “सिस्टर, तुमी आता मनातनं काढून टाका त्यो आवाज.”

मनातून. हेही वाक्य मी हजार बायकांच्या वतीनं ऐकलेलं होतं. माझ्याकडं येणाऱ्या अर्ध्या बायकांना नवऱ्यानं, सासूनं, कधी डॉक्टरनंही हेच सांगितलेलं असतं.

आमच्या घरासमोर थोडी मोकळी जागा आहे. समाजमंदिराला लागून, कार्यक्रमाच्या वेळी मांडव पडतो ती. एका संध्याकाळी मी तिथं गाडी नेली. ठक् ब्रेकवर होतो, मग पुढं जाऊन ब्रेक मारायचा, मागं येऊन ब्रेक मारायचा, आणि कशानं जास्त वाजतं ते बघायचं, एवढाच माझा बेत होता. पुढं गेले, ब्रेक. ठक्. मागं आले, ब्रेक. ठक्. दोन्ही वेळेला एकेकदाच. खड्डा नाही, दगड नाही, नुसती माती.

आवाजानं शेजारपाजार बाहेर आला. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका कट्ट्यावर बसून म्हणाले, “ताई, ऑइल बघा.” कुणी म्हणालं रेडिएटर. एका बाईनं विचारलं, गाडी शिकायला लागलात का नव्यानं. मी काच वर केली आणि पुढं-मागं करत राहिले.

आई दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, गाडीच्या डाव्या अंगाला. तिनं हात वर केला. मी थांबले, काच खाली केली.

“त्ये चाक मागं सरतंय गं.”

“कुठलं चाक?”

“ह्ये माझ्याकडलं. तू थांबलीस की गाडी थांबती, पर चाक जरा मागं जातंय. मग परत जाग्याव येतंय.”

“तुला भास झाला असंल, मामी,” कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं.

“माझं डोळं चांगलं हायत,” आई म्हणाली. “पाठ गेली हाय.”

मला बसल्या जागेवरून चाक दिसत नव्हतं. मी ह्यांना हाक मारली. हे बनियनवर बाहेर आले, चारचौघांत संकोचले, पण आले. मी म्हटलं, “अहो, खाली बसा आणि चाकाचा व्हिडिओ घ्या. आधी या बाजूचा, मग त्या बाजूचा.” ते मातीत गुडघे टेकून बसले. पुस्तकांना बोट लागलं तरी हात धुणारा माणूस. मी पुढं गेले, ब्रेक. मागं आले, ब्रेक. मग त्यांनी दुसऱ्या बाजूला जाऊन तसंच केलं.

उतरून आम्ही मोबाइलवर बघितलं. उजवं चाक ब्रेक लागला की जागच्या जागी थांबत होतं. डावं चाक थांबताना झटक्यानं मागं जात होतं, बोटभर असेल नसेल, आणि तेवढ्यातच तो ठक्. ह्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग मला मोबाइल देत म्हणाले, “हे हलतंय. हे हलायला नको.”

“नको.”

“आणि आपण यातून मामींना नेतोय.”

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रातून सुटले, घरून आईला घेतलं आणि गॅरेजला गेले. तिला नंतर दाताच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. मिस्त्री एका जीपच्या खाली होता. बाहेर आला, हात पुसले, आणि मी मोबाइल पुढं केला तर त्यानं अर्धवट बघून परत दिला.

“मोबाइलमधी काय बी दिसतं, सिस्टर.”

“तुमच्या डोळ्यांनी बघा मग. खड्ड्यावर घ्या गाडी.”

त्याच्या गॅरेजात लिफ्ट नव्हती, जमिनीत खणलेला खड्डा होता. वर गाडी उभी करायची, खाली माणूस उतरायचा. सोलापुरातलं लिफ्टवरचं चित्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. चाकं लोंबकळत असताना त्यांनी हलवून पाहिलं होतं. गाडी हवेत चालत नाही. तिचं ओझं चाकांवर असताना बघायला पाहिजे होतं.

“आज न्हाय जमत. जीप द्यायची हाय.”

“जीप झाल्यावर घ्या. मी थांबते.”

“उद्या या.”

“उद्या मला लसीकरण आहे. मी आज थांबते.”

त्यानं मान हलवली आणि जीपखाली गेला. मी गाडी त्याच्या खड्ड्याच्या तोंडाशीच लावली होती. थोड्या वेळानं तो पुन्हा बाहेर आला आणि गाडी बाजूला घ्या म्हणाला. मी म्हटलं, घेते, पण खड्ड्यावर. तो आता खरंच वैतागला.

“तुमाला दहा येळा सांगितलं, काय बी न्हाय त्यात. तुमाला शंकेचा आजार झालाय. आजी, तुमी तरी उतरून सांगा की ह्यास्नी.”

आईनं काच खाली केली. “म्या उतरत न्हाय,” ती म्हणाली. “लेक म्हणती बघा, तर बघा. न्हाय सापडलं तर तुमी खरं. सापडलं तर ती खरी. ह्यात भ्यायचं काय हाय?”

शेवटचं वाक्य त्याला लागलं. त्यानं जीप पुढं ढकलली आणि मला हातानं खूण केली. मी गाडी खड्ड्यावर घेतली, हँडब्रेक ओढला आणि चाकांना विटा लावल्यावर त्याच्यामागं पायऱ्या उतरले.

“तुमी कशाला? साडी खराब हुईल.”

“होऊ दे.”

खाली ऑइलचा वास होता आणि गाडीचं पोट हाताला लागेल इतकं जवळ. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला हे लोक लोअर आर्म म्हणतात. तो गाडीला जिथं जोडलेला असतो तिथं लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून जाड रबर बसवलेलं असतं, त्याला बुश म्हणतात. मिस्त्रीनं टॉर्च मारला. उजव्या बाजूचं रबर काळं, अखंड होतं. डाव्या बाजूचंही वरवर तसंच दिसलं.

“बघा. हाय का काय?”

“टॉमी लावून बघा.”

त्यानं टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, त्या आर्मच्या मागच्या जोडात घातली आणि रेटा दिला. रबर मधोमध उघडलं. मासळीनं तोंड उघडावं तसं, आत पार आरपार चिरलेलं. त्यानं टॉमी सोडली आणि आर्म मागं येऊन लोखंडावर आदळला. ठक्.

वरून आईचा आवाज आला, “ह्योच. ह्योच त्यो.”

मिस्त्रीनं पुन्हा टॉमी लावली, पुन्हा उघडलं. मग टॉर्च माझ्या हातात दिला आणि स्वतः वाकून जवळून पाहिलं. चाकाजवळचा गोळ्याचा सांधा, बॉल जॉइंट, तोही हलवून बघितला. त्यातही खेळ होता. बुश फाटल्यामुळं सगळा मार त्याच्यावर येत होता.

“लोंबत्या चाकावर ह्ये मिटून बसतं,” तो शेवटी म्हणाला. “दिसत न्हाय.”

“हो. म्हणून खड्ड्यावर घ्या म्हणत होते.”

“चालवत व्हता ह्याच्यावर तुमी?”

“तुम्हीच म्हणालात, रस्त्याचा आवाज आहे.”

मला त्याच्याकडून माफी नको होती, आणि त्यानं मागितलीही नाही. पण मी एक गोष्ट तिथंच, त्या खड्ड्यात उभं राहून सांगितली. “पुढच्या बाईनं येऊन आवाज येतो म्हणून सांगितलं, तर तुम्हाला सापडला नाही असं म्हणा. नाहीच असं म्हणू नका.”

“बरं,” तो म्हणाला. त्या ‘बरं’चा अर्थ काय होता ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी त्यानं गाडी रस्त्यावर काढू दिली नाही. सुटे भाग येईतोवर ती तिथंच ठेवून घेतली, आणि आम्हाला दाताच्या डॉक्टरकडं त्याच्याच मोटारीतून सोडलं. वाटेत आईनं त्याच्या दोन्ही लेकींची चौकशी केली. मी साडीवरचे काळे डाग चिमटीनं झाकत बसले, मग झाकायचं सोडून दिलं.

गाडी परत आली तेव्हा दोन्ही बाजूंचे आर्म नवे होते, अलाइनमेंट झालेली होती. मी आईला घेऊन आधी समोरच्या मोकळ्या जागेत पुढं-मागं केलं. मग ढोकीच्या रस्त्याला नेली, कारखान्याच्या बाजूला जिथं ट्रॅक्टरांनी रस्ता सगळ्यात जास्त खाल्लाय तिथं. गाडी खड्ड्यांतून आपटत गेली, उसाच्या चिपाडांवरून घसरली, धुळीत न्हाली. ब्रेक दाबले. एकदाही ठक् नाही. खडखड होती, काचांची, डिकीतल्या सामानाची. ती मात्र खरोखर रस्त्याची होती.

“कसं वाटतंय?” मी आईला विचारलं.

“गाडीवानी वाटतंय,” ती म्हणाली.

यानंतर एका सकाळी दारात मोटारसायकल थांबली. दिरानं पाठवलेलं गिऱ्हाईक होतं. आम्ही तिघंही त्या फोनचं विसरून गेलो होतो. माणूस चांगल्या घरचा वाटला, आडत दुकानात होता म्हणे. ह्यांनी त्याला बसायला दिलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी चहा टाकला. चहा पिऊन तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, बॉनेटवर थाप मारली.

“आवाज येतो असं ऐकलं होतं,” तो म्हणाला. “म्हणून म्हटलं समक्ष बघावं. किमतीत तेवढं सांभाळून घेतलं तर माझी काही हरकत नाही.”

“येत होता,” ह्यांनी सांगितलं. “आता येत नाही. आमच्या हिनं शोधून काढला.”

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. “मग काय, सौदा पक्का करायचा?”

हे पुन्हा माझ्याकडं बघू लागले. मी म्हटलं, “नाही. गाडी विकायची नाही.”

“अहो, पण जुनी आहे. आणखी वर्षभरानं कुणी दारात उभी करणार नाही.”

“मी करते की उभी,” मी म्हटलं.

तेवढ्यात दिराचा फोन आला. तो नाराज होता, माणसाला बोलावून घ्यायचं आणि मग नाही म्हणायचं ही काय रीत झाली, असं म्हणाला. मी म्हटलं, “भावजी, तुमचा माणूस चहा पिऊन निघालाय, त्याला काही त्रास झालेला नाही. आणि पुढचं गिऱ्हाईक पाठवू नका.”

आई आतून बाहेर येऊन खुर्चीवर बसली होती आणि त्या माणसाकडं मोठ्या आदरानं बघत होती. “जयभीम, पाहुणं,” ती म्हणाली. “सावकाश जावा.”

मी लसींचा डबा मागच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला. त्याची मोटारसायकल माझ्या गाडीसमोर आडवी लावलेली होती. मी त्याला ती बाजूला घ्यायला सांगितली, कारण गावातल्या बाया लेकरं घेऊन बसल्या असतील आणि मला उशीर होत होता.